सहाचा मिस्सा

नख्लेच्या हातात कायम एक लाल छत्री असायची. पाऊस असो वा नसो, मिटलेली छत्री उंच धरून तो गल्लीतून पुढे चालायचा आणि मागून तीस-चाळीस यात्रेकरू, कुणी टोपी सावरत, कुणी गुडघा चोळत. यरुशलेमच्या दमास्कस दरवाज्यापाशी द्राक्षाची पानं विकायला बसणाऱ्या बायका त्या छत्रीवरून वेळ सांगायच्या. "लाल छत्री वर गेली, साडेआठ झाले गं," म्हणायच्या, आणि साडेआठच झालेले असायचे.

तो आमच्या ख्रिस्ती मोहल्ल्यातलाच. बाप ऑलिव्हच्या लाकडाचे मणी कातायचा. मोठा मुलगा बासिल, त्याच्यावरून सगळे नख्लेला अबू बासिल म्हणायचे, तो अमेरिकेत गेला, मुलगी स्वीडनला. घरात तो आणि बायको सुआद दोघंच. अठ्ठावीस वर्षं त्याने जगभरच्या ख्रिस्तसभांना यरुशलेम दाखवलं, पण आपण फार शिकलेले आहोत असा आव कधी आणला नाही. बढाई मारायचा ती एकाच गोष्टीची. "माझ्यामुळे कुणाची बस चुकली नाही, कुणाचा मिस्सा चुकला नाही," म्हणायचा, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आणि मनगटावरच्या बापाच्या घड्याळावर दोनदा टिचकी मारायचा.

त्या ऑक्टोबरात मादाबाहून एक ख्रिस्तसभा, म्हणजे तिथल्या चर्चची मंडळी, आली. मादाबा म्हणजे नदीपलीकडचं, जॉर्डनमधलं गाव. गच्चीवरून स्वच्छ रात्री आमच्या डोंगरावरचे दिवे दिसतात म्हणे त्यांना. पण इथे यायचं तर दोन-दोन वर्षं परवान्याची वाट बघायची, आणि मिळाला तर सगळ्यांचा मिळून एकच कागद, चार दिवसांचा. बत्तीस माणसं आत आली की बत्तीसच एकत्र बाहेर पडली पाहिजेत. एक जरी मागे राहिला तरी सरहद्दीच्या पुलावर सगळे अडकणार.

त्यांना घेऊन आले होते त्यांचे धर्मगुरू, अबूना रिमोन, चाळिशीचे, नेहमी घाम पुसणारे. आणि पहिल्याच दिवशी नख्लेला ज्यांची ओळख झाली त्या दोन बायका, नज्ला आणि उम्म ग़ालेब.

नज्लाची ओळख व्हायला वेळ लागला नाही, कारण तिचं तोंड बंद नव्हतं.

"अरे अबू बासिल, प्रभू येशू या पायऱ्या एकदाच चढला. तू आम्हाला तिसऱ्यांदा चढवतोयस!"

"चढा, चढा. वर गेल्यावर तिळाचं काक खायला देतो."

"तुमचं काक बघितलं मी. एवढं मोठं कडं आणि मध्ये नुसतं भोक. आमच्याकडे पाव भरलेला असतो."

सगळे हसले. उम्म ग़ालेब हसली नाही. शहात्तर वर्षांची, काळा झगा, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि छातीशी कापडात बांधलेली एक घडी. जेवतानाही ती घडी तिच्या मांडीवर. गेथशेमानेच्या बागेत बाकी सगळे फोटो काढत होते तेव्हा ती जुन्या ऑलिव्हखाली टेकली, आणि नख्लेने तिच्यासाठी पाणी नेलं.

"खाला, द्या ना ते, मी धरतो घटकाभर."

"नको लेकरा. जड नाही. सदराच आहे."

मग तिने आपणहून सांगितलं. ग़ालेब तिचा थोरला. अकाबाहून मालवाहू जहाजावर चढला, आणि अकरा वर्षांपूर्वी ते जहाज बुडालं. सात जणांची प्रेतं मिळाली, ग़ालेबचं मिळालं नाही. गावाने प्रार्थना केली, सांत्वनाला आलेली मंडळी कॉफी पिऊन गेली. पण घरच्या कबरीवर त्याचं नाव कोरायला ती तयार झाली नाही.

"खाली कुणी नाही आणि वर नाव? खोटं कसं लिहायचं?" ती म्हणाली. "नवरा रागावला, दीर रागावले. मग एके दिवशी अबूनांचं प्रवचन ऐकताना माझ्या मनात आलं, रिकामी कबर एक आहेच की. येशूची, देवाने स्वतः रिकामी केलेली. तिथे माझ्या पोराच्या नावाचा मिस्सा व्हावा. हा सदरा त्या दगडावर ठेवावा. मिस्सा झाला की घरी नेऊन हाच पुरायचा, मग खुशाल नाव कोरा म्हटलं. तेव्हा खोटं होणार नाही."

"सोमवारी पहाटेचा मिस्सा आहे आपला, खाला. अगदी थडग्याच्या आत. पाच महिने आधी जागा धरलीय मी."

"तुझ्या हातून होतंय, बाळा. देव तुझ्या मुलांना सांभाळो."

नख्ले त्या रात्री सुआदला म्हणाला, "एवढी वर्षं लोकांना त्या दारापर्यंत नेतोय. यंदा कुठे कळलं कशाला नेतोय ते."

आता येशूच्या थडग्याभोवती बांधलेल्या चर्चमधल्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. त्या एका छपराखाली ग्रीक, आर्मेनियन आणि आम्ही लातीन म्हणजे रोमन कॅथलिक, तिघांच्या प्रार्थनेच्या वेळा पूर्वापार ठरलेल्या आहेत, अगदी मिनिटावर. कुणी घड्याळ हलवलं तर त्याची प्रार्थना दुसऱ्याच्या वेळेत घुसेल आणि मारामारी होईल. म्हणून ते कुणीच हलवत नाही. उन्हाळ्यात सगळं शहर आपली घड्याळं तासभर पुढे करतं, चर्च करत नाही. तेव्हा उन्हाळाभर आम्ही मोहल्ल्यातली माणसं मनातल्या मनात एक तास मिळवतो. चर्चचे सहा म्हणजे आपले सात. मुलांनासुद्धा पाठ असतं. ऑक्टोबरअखेरच्या शनिवारी रात्री शहर आपलं घड्याळ मागे घेतं, की दोन्ही पुन्हा एक होतात आणि मिळवायचं काही उरत नाही.

मिस्सा चर्चच्या सहाला होता. शुक्रवारी मंडळी आली तेव्हा नख्लेने अबूनांना सांगितलं, "सोमवारी सातला आपली पाळी." त्या दिवशी ते बरोबरच होतं.

शनिवारी रात्री घड्याळं मागे गेली. रविवारी मंडळींना तासभर जास्त झोप मिळाली म्हणून सगळे खूश. बेथलेहेमला जाताना बसमध्ये नज्लाने मागून विचारलं, "अबू बासिल, घड्याळ मागं गेलं ना? मग उद्याचे सात ते सातच, की आणखी काही?"

नख्ले पुढच्या सीटवरून मान वळवून हसला. "नज्लाबाई, अठ्ठावीस वर्षं झाली मला. तुम्ही फक्त उठा."

"उठते की. मी उठले नाही असं कधी झालंय? तुम्हीच सगळे घोरता."

पुन्हा हसू. नख्लेही हसला. त्या हसण्यातच तो तास निसटून गेला. सात महिने रोज मिळवलेला तास त्याच्या अंगात मुरला होता. बापाचं घड्याळ त्याने रविवारी सकाळी स्वतःच्या हाताने मागे फिरवलं होतं, पण डोक्यातलं फिरवायचं राहून गेलं.

सोमवारी सव्वासहाला लाल छत्री गल्लीत शिरली. दुकानं बंद, दगड रात्रीच्या दवाने ओले. बेकरीतून भाजल्या तिळाचा वास येत होता. उम्म ग़ालेब आज कुणाचा हात धरायला तयार नव्हती. घडीवरचं कापड तिने सोडलं होतं. आत निळ्या रेघांचा सदरा होता, इस्त्री केलेला, कॉलरचं बटण लावलेला. पायऱ्यांवर ती नज्लाच्याही पुढे होती.

"बघा म्हातारीला," नज्ला हळूच म्हणाली. "लग्नाला निघाल्यासारखी निघालीय." आणि मग स्वतःच डोळे पुसले तिने.

चर्चमध्ये शिरल्याबरोबर नख्लेला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थडग्याच्या छोट्या दारातून मिस्साचा आवाज येत होता आणि बाहेर अनोळखी, गोऱ्यापान बायका गुडघे टेकून बसल्या होत्या. भिंतीवर घड्याळात पावणेसात. त्याने आपलं घड्याळ बघितलं. पावणेसात. दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती. मिळवायचा तास उरलाच नव्हता.

पाळीच्या वह्या सांभाळणारे ब्रदर सिल्वेरियो खांबामागून आले. वीस वर्षांची ओळख.

"नख्ले! कुठे होतास तू? मादाबा, मादाबा, मादाबा, तीनदा पुकारलं मी. दहा मिनिटं थांबलो. मागे दोन मंडळ्या उभ्या होत्या, मग दिली त्यांना."

"सहाला..." नख्लेच्या तोंडून एवढंच निघालं.

"सहाला. वहीत तुझ्याच अक्षरात आहे."

नख्लेचा चेहरा बघून ब्रदरना कळलं. तेही इथलेच झाले होते आता. "तास मिळवलास?" त्यांनी हळू विचारलं. नख्लेने मान हलवली.

"यांच्यानंतर आम्हाला द्या. पंधरा मिनिटं. दहा. अबूना फक्त मुख्य प्रार्थना म्हणतील."

"यांच्यानंतर सातला आमच्या मठाचा गायनाचा मिस्सा आहे. आठपर्यंत. तुला माहीत आहे."

"मग आत्ता एकटीला आत उभी करा. एकच म्हातारी आहे. तिच्या मुलाचं नाव..."

"आत चार माणसं मावतात आणि चार आहेत. त्यांचेही कुणी मेलेले असतील, नख्ले. मी आत जाऊन मिस्सा थांबवू?"

अबूना रिमोन कपाळ पुसत जवळ आले. त्यांना सगळं सांगावं लागलं. सांगताना नख्लेची मान वर होईना. अबूना स्वतः ब्रदरबरोबर वरिष्ठांना विचारायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. वरिष्ठही नाहीच म्हणाले होते.

"आठला गायन संपलं की?" अबूना म्हणाले. "मिस्सा नसू दे, नुसतं आत तरी जाऊ दे तिला."

"आठनंतर रांग," ब्रदर म्हणाले. "ती बघा."

रांग खांबांच्या मागून वळसा घालून गेली होती. पहाटे चारपासून उभी होती माणसं. नख्ले रांगेच्या तोंडाशी गेला. तिथे एक उंच, थकलेली बाई होती. त्याने हात जोडून सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या जागी येऊ दे त्यांना. मी मागे जाते." नख्लेच्या जिवात जीव आला. मग त्याने बसवाल्याला फोन लावला.

"साडेआठपर्यंत थांब, भावा. फक्त आज."

"अबू बासिल, पूल आज दुपारीच बंद होतोय. दरवाज्यावर नोटीस लावलीय. साडेसातला निघालो तरच नंबर लागेल. नाही लागला तर यांचा कागद आजच संपतो. बत्तीस माणसांचं काय करू? तू ठेवून घेशील घरी?"

"मी ठेवून घेईन."

"वेडा झालास काय? त्यांना पकडतील."

नख्लेने फोन ठेवला. त्या उंच बाईला काय सांगावं ते त्याला सुचेना. ती अजून बाजूला सरकून उभी होती, म्हातारीसाठी जागा करून.

उम्म ग़ालेब थडग्याच्या दारासमोर दहा पावलांवर उभी होती, सदरा दोन्ही हातांवर आडवा धरून. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तीनदा दार बघून आणि तीनदा नख्लेकडे बघून तिला कळलंच होतं.

"चुकली ना वेळ?" ती म्हणाली.

"माझ्यामुळे, खाला. माझी एकट्याची चूक."

मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "कसला हा गाईड! दोन वर्षं वाट बघितली आम्ही!" त्यावर नज्ला फिरली. "गप्प बस. काल मी विचारलं तेव्हा तूही माझ्यावर हसलास ना? सगळेच हसलो." आणि मग नख्लेकडे बघून, आवाज उतरवून, "पण तू ऐकायला हवं होतंस रे, अबू बासिल. बाईमाणूस बोलली म्हणून काय झालं?"



अबूना म्हणाले, "उम्म ग़ालेब, चर्चच्या दाराजवळच तो अभ्यंगाचा दगड आहे. प्रभूचं शरीर वधस्तंभावरून उतरवून तिथेच तेल लावलं. सगळ्या बायका तिथे आपापलं कफनाचं कापड ठेवतात. आपण सदरा तिथे ठेवू, मी प्रार्थना म्हणतो."

ती अबूनांबरोबर त्या दगडापाशी गेली. बायका गुडघ्यांवर बसून दगडाला रुमाल घासत होत्या. गुलाबतेलाचा वास भरून राहिला होता. उम्म ग़ालेबने वाकून दगडावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. सदरा मात्र ठेवला नाही.

"हा दगड अंगाला तेल लावायचा आहे, अबूना," ती म्हणाली. "माझ्या पोराचं अंग कुठे आहे?"



सव्वासात झाले. ती पुन्हा थडग्यासमोर येऊन उभी होती. गायन सुरू झालं होतं, लातीनमधलं, खोल आवाजाचं. आत मेणबत्त्या हलताना दिसत होत्या. मंडळीतले कितीतरी जण तिथेच गुडघे टेकून होते, पण कुणाचं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. सगळे म्हातारीकडे बघत होते आणि ती दाराकडे. बत्तीस माणसं, एक धर्मगुरू, एक ब्रदर, अठ्ठावीस वर्षांचा गाईड, आणि दहा पावलांचं अंतर. कुणालाच काही करता येत नव्हतं. नख्लेला वाटलं, हिने आरडाओरडा करावा, मला शिव्या द्याव्यात, म्हणजे निदान काहीतरी होईल.

"चला," तीच म्हणाली. "बस आहे ना? माझ्यापायी एवढ्या लेकुरवाळ्या बाया अडकवू नका."

चौकात आल्यावर नख्ले तिच्यासमोर आडवा झाला.

"खाला, मी इथेच राहतो. तुम्ही सदरा माझ्याकडे ठेवा. मी पुन्हा पाळी धरतो, पुढच्याच महिन्यात. ग़ालेबच्या नावाने मिस्सा करवतो, सदरा त्या दगडावर ठेवतो आणि कुणाच्या तरी हाती मादाबाला पाठवतो. माझ्या मुलांची शपथ."

तिने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"आई हजर नसताना पोराला कोण पुरतं रे?"

"पण खाला..."

"तुलाच शपथ आहे. मी आल्याशिवाय त्याचं नाव तिथे घ्यायचं नाही. अकरा वर्षं त्याने माझी वाट बघितली, आणखी थोडी बघेल." मग तिने सदऱ्याची घडी घातली, कॉलर आतल्या बाजूला घेतली आणि कापडात बांधली. "तू पाळी धरून ठेव. मी येते."

बस सात पस्तीसला सुटली. नज्लाने खिडकीतून हात केला. उम्म ग़ालेब पलीकडच्या बाजूला बसली होती, तिची फक्त पांढरी ओढणी दिसली. मंडळी पुलावर वेळेत पोचली, सगळे बत्तीस. तेवढी बस चुकली नाही.

नख्लेने त्या दिवशी घरी येऊन बापाचं घड्याळ काढून ठेवलं. सुआद म्हणाली, "अहो, चूक माणसाकडूनच होते. पापकबुलीला जाऊन या." तो गेला. धर्मगुरूंनी क्षमेची प्रार्थना म्हटली, डोक्यावर हात ठेवला. देवाने क्षमा केली असेलच. पण मादाबातल्या कपाटात सदरा होता तो होताच, आणि कबरीवरचा दगड कोराच.

पुढच्या वर्षी त्याने ब्रदरच्या वहीत पुन्हा लिहिलं: ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार, सहा, मादाबा. ख्रिस्तसभेला परवाना मिळाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मिळाला, पण यादीत उम्म ग़ालेबचं नाव नव्हतं. का नव्हतं ते विचारायची खिडकी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नज्ला एकटी आली. चढावर ती काही बोलली नाही. वर पोचल्यावर नख्लेने दिलेलं काक हातात धरून उभी राहिली.

"कशी आहे ती?" नख्लेने विचारलं.

"डोळ्याला कमी दिसतं आता. दर महिन्याला सदरा धुते, इस्त्री करते. मी म्हटलं, झिजेल गं तो. म्हणते, मळका कसा न्यायचा?" मग नज्लाने काक मोडलं, अर्धं त्याला दिलं. "तुला सांगायला सांगितलंय. पाळी सोडू नकोस म्हणाली."

तिसऱ्या वर्षी पुलावरून कुणालाच येऊ देत नव्हते. नख्लेने तरीही लिहिलं. ब्रदर सिल्वेरियोंनी वही त्याच्याकडे सरकवताना चष्म्यावरून बघितलं.

"नख्ले, पूल बंद आहे. हे तुला माहीत आहे."

"आहे."

"मिस्सा आमच्या मठातले धर्मगुरू म्हणतील. तू उभा राहा. त्या मुलाला किती दिवस असं..."

"शपथ घातलीय तिने, ब्रदर."

ब्रदरनी पेन पुढे केलं.

त्या सोमवारी नख्ले पावणेसहाला चर्चमध्ये आला, छत्रीशिवाय, एकटा. यात्रेकरू फार नव्हते त्या वर्षी. एक छोटी मंडळी मागे थांबली होती, कुठल्या देशाची ते त्याने विचारलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात सहा झाले. कपाटातून पुन्हा काढलेल्या बापाच्या घड्याळातही सहाच झाले. ब्रदर थडग्याच्या दारात आले, वही उघडली.

"मादाबा," त्यांनी पुकारलं.

मोठ्या घुमटाखाली तो शब्द फिरून आला.

"मादाबा."

नख्ले दारापासून दहा पावलांवर उभा होता, ती उभी होती तिथेच. तिचं म्हणणं मोडायचं नव्हतं, म्हणून त्याने ओठ घट्ट मिटून घेतले, ग़ालेबचं नाव चुकून बाहेर पडू नये म्हणून.

"मादाबा."

ब्रदर दहा मिनिटं थांबले. नियमापेक्षा थोडे जास्तच थांबले. मग त्यांनी नख्लेकडे बघितलं, नख्लेने मान हलवली, आणि मागे थांबलेली मंडळी एकेक करून, वाकून, त्या छोट्या दारातून आत गेली.